कोयना आणि कारणांची दोन मिनिटं

आबांना बैल कळायचा. आबा म्हणजे माझे आजोबा. शिरोळ तालुक्यात कृष्णेकाठी आमचं गाव, काळं रान, आणि आसपास कुणाला बैल घ्यायचा असला की तो माणूस आधी आमच्या दारात यायचा. आबा त्याच्यासोबत बाजाराला जायचे, बैल दहा-वीस पावलं चालवायला लावायचे, मग उकिडवं बसून त्याच्या मागच्या पायांकडं बघत राहायचे. उठताना एकच शब्द: ‘घे’ नाहीतर ‘नगं’. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, “का नगं, आबा?” त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “ते बघून कळतंय, बाळ.” पुढं मी शिकायला बाहेर पडले, लग्न होऊन ह्यूस्टनला आले, आबा गेले. त्यांना नेमकं काय दिसायचं, ते कुणीच विचारून घेतलं नाही.

हे सगळं पुन्हा वर आलं ते २०२३च्या मार्चमध्ये. ह्यूस्टनला दर वर्षी मार्च उजाडला की पशुप्रदर्शन आणि रोडिओ, म्हणजे घोड्या-बैलांवर स्वार व्हायचे खेळ, भरतो. १९३२ साली सुरू झालेली ही जत्रा आता एनआरजी पार्कात तीन आठवड्यांच्या आसपास चालते. आम्ही इतकी वर्षं इथं राहून फक्त गाणी ऐकायला आणि पाळण्यात बसायला जायचो. त्या दिवशी लेक जनावरांच्या दालनात शिरली आणि थोड्याच वेळात धावत परत आली. “आई, चल ना. इथं आजीच्या गावातली गाय आहे.”

गेले तर खरंच. राखाडी अंग, डोळ्यांभोवती काळी कड, लोंबते कान, गळ्याखाली पोळी आणि खांद्यावर चांगलं उभं वशिंड. पाटीवर लिहिलं होतं, अमेरिकन ब्राह्मन. तिला खरारा करत असलेली सतरा-अठरा वर्षांची मुलगी आमच्याशी इतक्या अदबीनं बोलली, की माझ्या लेकीनं तिचा हातच धरला. तिनं सांगितलं, ही जात अमेरिकेत तयार झाली, पण रक्त भारताचं: गीर, गुजरात म्हणजे आपली कांकरेज, नेलोर म्हणजे ओंगोल, आणि चौथं नाव तिनं अडखळत घेतलं, “क्रिश्ना व्हॅली.”

मी त्या कठड्याला धरून उभी राहिले. कृष्णा व्हॅली म्हणजे आमचीच रानं. चिकट काळ्या मातीत नांगर ओढायला जड अंगाचा बैल पाहिजे म्हणून एकोणिसाव्या शतकात दक्षिण महाराष्ट्रातल्या संस्थानिकांनी गीर, कांकरेज, ओंगोल आणि म्हैसूरकडचं रक्त एकत्र आणून ती जात घडवली. आज तिच्या मूळ मुलखात ती शोधावी लागते. आणि इथं, टेक्सासमध्ये, एक सोनेरी केसांची पोर तिचं नाव घेत होती.

नंतर मी हा इतिहास वाचून काढला. १८५४ ते १९२६ या काळात भारतीय वंशाचे साधारण २६६ वळू आणि अवघ्या २२ गायी अमेरिकेत आल्या, त्यातून ही जात उभी राहिली. टेक्सासच्या किनारी भागात गोचिडांमुळं येणाऱ्या तापानं युरोपी वंशाची जनावरं हैराण व्हायची. शांघाय पिअर्स नावानं ओळखला जाणारा एक मोठा रँचवाला, म्हणजे मोठ्या कुरणांवर गुरं पाळणारा, म्हणायचा की यावर उतारा भारतीय गुरांतच आहे. तो १९०० साली वारला, आणि त्याच्या भाच्यानं, एबल पिअर्स बोर्डननं, १९०६ मध्ये भारतातून जनावरं आणवली. १९२४ला जातीची नोंद ठेवणारी संघटना झाली, तेव्हा ब्राह्मन हे नाव ठरलं. सैल कातडी, आखूड चमकदार केस, काळी त्वचा, भरपूर घाम: उन्हाला ही जात बधत नाही. ऑगस्टमधल्या ह्यूस्टनच्या उकाड्यात बाकीची गुरं सावलीत धापा टाकत असतात, तेव्हा या गायी खुशाल उन्हात चरताना मी नंतर कितीतरी वेळा पाहिल्या.

घरी येता येता लेकीनं जाहीर केलं, मला हे करायचंय, जनावर वाढवून प्रदर्शनात दाखवायचंय.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण आमच्याकडं ती सगळ्यांत आधी आली. ही मांसाची जनावरं आहेत. या प्रदर्शनांमागचा धंदाच तो आहे, आणि तो लपवून काही बोलायला मला जमणार नाही. आमच्या घरी गोमांस खात नाहीत. गावी आईला फोन केला तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “पोरगी शेण काढणार असली तर करू दे. पण कापायला द्यायचं जनावर आपल्या हातानं नको गं.” इथं मुलांपुढं दोन वाटा असतात. खच्ची केलेला गोऱ्हा वाढवायचा, तो शेवटी लिलावात जातो. नाहीतर नोंदणी झालेली कालवड सांभाळायची, ती प्रदर्शनानंतर कळपात जाते, गाभण राहते, वंश पुढं चालवते. आम्ही कालवडीची वाट धरली.

त्यासाठी लेक फोर-एच या मुलांच्या संघटनेत गेली. आपल्याकडं याला जवळचं काही नाही, त्यामुळं थोडं सांगायला हवं. डोकं, हृदय, हात आणि आरोग्य, इंग्रजीत चारही शब्द एचनं सुरू होतात. चिन्ह चार पानांचं हिरवं क्लोव्हर, एक चाऱ्याचं रोप. टेक्सासमध्ये याची सुरुवात १९०८ साली जॅक काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) मुलांच्या मका क्लबापासून झाली. १९१४च्या कायद्यानं कृषी विद्यापीठांचं ज्ञान गावोगाव पोचवणारी विस्तार सेवा देशभर उभी राहिली आणि हे क्लब तिच्या छत्राखाली आले. बापाला नवं बियाणं पटत नसेल तर पोराच्या वाफ्यात ते उगवून दाखवायचं, अशी ती मूळ कल्पना. शंभर वर्षांनंतरही मला ती फार शहाणपणाची वाटते. जनावर घेऊन मोठ्या प्रदर्शनात उतरायचं तर मुलांना आधी ‘क्वालिटी काउंट्स’ नावाचा अभ्यास करून परीक्षा द्यावी लागते. औषध दिल्यावर किती दिवस थांबायचं, जनावराला भीती न दाखवता कसं हाकायचं, प्रदर्शनात लबाडी कशाला म्हणतात. लेक हे सगळं जेवणाच्या टेबलावर मोठ्यानं वाचायची आणि आम्ही नवरा-बायको ऐकायचो.

मे महिन्यात व्हार्टन काउंटीतल्या एका ब्राह्मनवाल्याकडून सात महिन्यांची कालवड घेतली. तीन हजार डॉलर. आमच्या दृष्टीनं ही रक्कम मोठी होती, आणि निम्मे पैसे लेकीच्या वाढदिवसांचे साठलेले होते. जनावर ठेवायला गावाबाहेर एका निवृत्त रँचवाल्या बाईंचा गोठा मिळाला. त्या सत्तरीच्या, मुलांना गाळे भाड्यानं देतात आणि फुकट शिकवतात. लेक त्यांना ‘येस मॅम’ म्हणते, मी मनात त्यांना गोठ्यावरच्या आजी म्हणते. कालवडीचं नाव लेकीनं ठेवलं, कोयना. आईला व्हिडिओवर दाखवली तेव्हा तिनं सांगितलं, “पायावर पाणी घाल. मग तिला फिरीव, भोवरे कुठं हैत बघू दे.” चौदा हजार किलोमीटरवरून माझ्या आईनं त्या कालवडीचे भोवरे तपासले, शेपटीचा गोंडा पाहिला आणि म्हणाली, “ब्येस हाय.”

पहिली चूक माझ्या हातून झाली. कालवडीची मालकी बदलताना कागदावर मी नवऱ्याचं नाव घातलं, घरातली सगळी खरेदी त्याच्या नावावर असते म्हणून. नियम असा की जनावर दाखवणाऱ्या मुलाच्याच नावावर ते मुदतीच्या आत नोंदलेलं पाहिजे. जुलैमधल्या पहिल्या छोट्या प्रदर्शनात नोंदणीच्या खिडकीपाशी हे उघड झालं. लेक पहाटे चारला उठून तयार झाली होती, शर्टाला इस्त्री होती. त्या दिवशी तिनं बाहेर बसून इतरांना बघितलं. मला एक शब्द बोलली नाही, आणि ते मला जास्त लागलं. संध्याकाळी तिनं स्वतः बसून बदलीचा अर्ज भरला. तेव्हापासून कोयनेचे सगळे कागद तिच्या फाइलीत आहेत. मी हात लावत नाही.

आता मोरकीबद्दल. आपल्याकडं वेसण घातली की जनावर हातात येतं. इथं कालवडीला वेसण नाही, नुसती मोरकी, म्हणजे तोंडाभोवती बांधायचं दावं. आणि ब्राह्मन जात अशी, की जबरदस्ती केली तर महिनाभर डोळ्यांत पाणी आणेल, विश्वास बसला तर मांजरासारखी पायात येईल. कोयना आली तेव्हा साधारण साडेचारशे पौंडांची होती, म्हणजे दोनशे किलोंच्या वर. लेक चव्वेचाळीस किलोंची. ओढाओढीला अर्थच नव्हता.

गोठ्यावरच्या आजींनी पहिले चार दिवस मोरकी घालून कासरा नुसता जमिनीवर लोळत ठेवला. दिवसभर नजर ठेवून, कुठं अडकायला जागा न ठेवता. चालताना कोयनेचा पाय कासऱ्यावर पडायचा, डोकं खाली ओढलं जायचं, ती थांबायची, पाय उचलायची, डोकं सुटायचं. दाब आला की थांबायचं, सैल पडलं की सुटका, हे तिचं तीच शिकली. मग थोडा थोडा वेळ बांधायला सुरुवात झाली, एका झटक्यात सुटेल अशा गाठीनं. ती गाठ लेकीनं घरी खुर्चीच्या पायाला किमान शंभरदा मारली असेल.

दुसऱ्या आठवड्यात आजी म्हणाल्या, आता बादली उपडी घाल आणि तिच्याजवळ बस. काय करू? काही नको, बस. लेक शाळेचं पुस्तक घेऊन बसायची आणि मोठ्यानं वाचायची. कधी इंग्रजी, कधी मी पाठवलेली मराठी गोष्ट. कोयना कोपऱ्यात पाठ करून उभी. पाचव्या-सहाव्या दिवशी मी कुंपणाबाहेर डबा घेऊन थांबले होते. वाचता वाचता लेकीचा आवाज बंद झाला. बघितलं तर कोयनेनं मान लांब करून पुस्तकाच्या पानावर नाक टेकवलं होतं. ओलं, काळं, चकाकतं नाक. लेक हलली नाही. श्वासानं पान वर व्हायचं, खाली बसायचं. मग कोयनेनं खरखरीत जीभ काढून तिचं मनगट चाटलं. लेकीच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायलासुद्धा ती हात उचलत नव्हती, जनावर बिचकेल म्हणून.

त्यानंतर रोजचा पाढा सुरू झाला. शाळेआधी खुराक आणि पाणी, शाळेनंतर धुणं, ब्लोअरनं वाळवणं, खरारा, चालवणं, गाळ्यातलं ओलं झालेलं भुश्याचं अंथरूण काढून नवं टाकणं. महिन्याला वजन. खाद्याच्या प्रत्येक पोत्याची पावती वहीत. फोर-एचची ही नोंदवही वर्षाअखेर भरून द्यायची असते: किती खर्च, किती वाढ, काय शिकलीस. डिसेंबरमध्ये लेकीनं बेरीज केली आणि गप्प बसली. मग म्हणाली, “आई, दूध एवढं स्वस्त कसं काय विकतात गं लोक?” आमच्या घरात शेतीमालाच्या भावावर पहिल्यांदा खरं बोलणं झालं ते त्या रात्री.

रिंगणात उतरण्याची कलाही मला वाटलं त्यापेक्षा खूप बारीक निघाली. चालताना कासरा उजव्या हातात, काठी डाव्या. थांबलं की अदलाबदल: कासरा डाव्या हातात, काठी उजव्या. ती लांब काठी मारायला नसतेच. तिच्या टोकानं खुरापाशी हलकंसं दाबून पाय पुढं-मागं घ्यायचा आणि पोटाखाली हळू खाजवून जनावराला शांत ठेवायचं. परीक्षकाच्या बाजूचा मागचा पाय किंचित मागं, म्हणजे त्याला चारही पाय दिसतात. आणि हे सगळं करताना एक डोळा जनावरावर, एक परीक्षकावर. शोमनशिप या स्पर्धेत गुण जनावराला नसतात, मुलाला असतात. परीक्षक येऊन विचारतो: हिचा जन्म कधीचा? खुराक काय? हिच्यात तुला एक गोष्ट बदलता आली तर काय बदलशील? हा शेवटचा प्रश्न मला फार आवडतो. आपण ज्याच्यावर जीव लावलाय त्याचं उणं आपल्याला दिसतं का, हे त्यात विचारलेलं असतं.

काउंटीच्या जत्रेत, शरदात, लेकीचं पहिलं खरं रिंगण झालं. चौथ्या मिनिटाला कोयना खाली बसली. ब्राह्मन कंटाळली की बसते, हे आम्हाला ठाऊक होतं, पण भरल्या रिंगणात! पुढची-मागची मुलं वळसा घालून जाऊ लागली. माझ्या शेजारच्या बाईनं माझा हात घट्ट धरला. लेकीनं कासरा ओढला नाही. ती वाकली, कोयनेच्या कानाशी काहीतरी बोलली, कासरा सैल सोडला आणि सरळ उभी राहून परीक्षकाकडं बघत राहिली. अर्धा मिनिट असेल. मग कोयना उठली, अंग झाडलं, आणि दोघी रांगेत आपल्या जागी गेल्या. त्या दिवशी कालवडीला क्रमांक मिळाला नाही, पण शोमनशिपमध्ये लेक तिसरी आली. माइकवर परीक्षक म्हणाले, या मुलीनं जनावराचा राग केला नाही. मी नंतर विचारलं, कानात काय म्हणालीस? “उठ गं बाई, आजी बघतेय, असं म्हटलं.” फोन खरंच चालू होता, गावी रात्रीचे साडेअकरा वाजले होते.

त्याच जत्रेच्या शेवटच्या दिवशी लिलाव होता. शेजारच्या गाळ्यातल्या पंधरा वर्षांच्या मुलाचा गोऱ्हा त्यात होता. दीड वर्ष त्यानं त्याला सांभाळलं होतं. तिथले व्यापारी बाजारभावापेक्षा कितीतरी जास्त बोली लावतात, कारण तो पैसा मुलाच्या कॉलेजसाठी असतो. ह्यूस्टनच्या मोठ्या प्रदर्शनात २०२२ साली विजेत्या गोऱ्ह्याला दहा लाख डॉलर मिळाले. त्यातला ठरलेला भाग मुलाला आणि बाकीचा शिष्यवृत्त्यांच्या निधीला जातो. या मुलाच्या गोऱ्ह्याला चांगली बोली आली, टाळ्या पडल्या. तो बाहेर आला, मोरकी काढून हातात घेतली, आणि रिकाम्या गाळ्यात जाऊन बसला. माझी लेक त्याच्याजवळ जाऊन बसली. दोघं काही बोलले नाहीत. घरी येताना गाडीत तिनं विचारलं, “त्याला माहीत होतं ना, पहिल्या दिवसापासून?” हो, माहीत होतं. शेवटच्या सकाळीसुद्धा त्यानं गोऱ्ह्याला धुऊन, ताजं पाणी पाजून आणलं होतं. मला हे आजही जड जातं. पण त्या पोराला जनावराची माया नव्हती असं कुणी म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले, ती. पारख करण्याची स्पर्धा.

हिच्यात आपलं जनावर लागतच नाही. चार जनावरं समोर उभी करतात, क्रमांक एक ते चार. मुलांनी पंधराएक मिनिटं बघायचं, लांबून, जवळून, चालताना, आणि कार्डावर क्रम लावायचा. चार जनावरांचे चोवीस क्रम होऊ शकतात. अधिकृत क्रमाशी तुमचा क्रम जितका जुळेल तितके गुण, पैकीच्या पैकी म्हणजे पन्नास. इथवर आबासुद्धा हसत हसत जिंकले असते. पण मग कारणं सांगायची असतात. एका बंद खोलीत, एका परीक्षकासमोर, हातात कागद न घेता, दोन मिनिटांच्या आत: मी हा क्रम का लावला. त्याचे वेगळे पन्नास गुण. क्रम चुकला तरी कारणं खरी आणि नीट सांगितलीत तर ते पन्नास तुमच्या हातचे जात नाहीत.

गोठ्यावरच्या आजी शनिवारी मुलांना गोळा करायच्या. पहिल्या शनिवारी त्यांनी दाताळ्यानं वाळू सारखी केली आणि दोन कालवडी तिच्यावरून चालवल्या. मग सगळ्या मुलांना खाली बसवलं. एकीच्या पुढच्या खुराचा ठसा जिथं होता, बरोबर त्याच्यात मागचा खूर पडला होता. दुसरीचा चार बोटं मागं. आजींनी बोटानं अंतर मोजून दाखवलं. का? कारण तिचा मागचा पाय गुडघ्यात जास्त सरळ आहे, झटका झेलायला वाकत नाही, म्हणून पाऊल आखूड. अशी गाय दहा वर्षं माळावर चालायची नाही. मी कुंपणाशी उभी होते. उकिडवे बसलेले आबा, मागच्या पायांवर खिळलेली त्यांची नजर, त्यांचा तो एक शब्द ‘नगं’. तीस-पस्तीस वर्षांनी मला कळलं की ते काय बघत होते.

कारणं सांगायची एक ठरलेली रीत असते. चार जनावरांच्या तीन जोड्या करायच्या: वरची, मधली, खालची. प्रत्येक जोडीत पहिलं दुसऱ्यापेक्षा का सरस ते सांगायचं, आणि मग एक पायरी अशी, जिच्याशिवाय गुण कापले जातात: खालच्या जनावराचं चांगलं कबूल करायचं. ‘तीन नंबरची एकपेक्षा लांब पावलाची, बरगड्यांत खोल आणि खुरांवर भक्कम आहे. मान्य करते, एक नंबरच्या मानेचा आणि वशिंडाचा डौल अधिक आहे. पण...’ हे ‘मान्य करते’ लेकीला सुरुवातीला अजिबात जमत नव्हतं. ज्याला खाली घातलं त्याच्याबद्दल चांगलं कशाला बोलायचं, असा तिचा हट्ट. आजी म्हणाल्या, ते तुला दिसलंच नाही असं परीक्षकाला वाटेल म्हणून. हे वाक्य लेकीनं नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. घरात भाऊ-बहिणीच्या भांडणातसुद्धा ती आता “मान्य करते, पण” असं सुरू करते, आणि धाकटा त्यानं जास्तच चिडतो.

फेब्रुवारीतल्या एका स्पर्धेत तिला पहिल्यांदा कारणं सांगायची होती. आदल्या रात्री ती भिंतीकडं तोंड करून म्हणत होती, मध्येच अडकायची, पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या दिवशी खोलीचं दार थोडं किलकिलं राहिलं होतं. आत जायची आम्हाला मुभा नव्हती. मी व्हरांड्यात होते. तिचा आवाज आधी बारीक होता. मग ‘दोन आणि चार’ या जोडीपाशी तिला काहीतरी सापडलं, आवाज खाली आला, ठाम झाला. पन्नासपैकी बेचाळीस. क्रमात मात्र तिनं वरची जोडी उलटी लावली होती.

मार्च २०२४मध्ये कोयनेला घेऊन आम्ही एनआरजी पार्कात गेलो. ती नऊशे पौंडांच्या वर गेली होती, वशिंड भरलं होतं. एका रात्री रोडिओत मुलांचा काफ स्क्रँबल बघितला. १९४२पासून चालत आलेला खेळ: मैदानात वासरं सोडतात, मुलं त्यांच्यामागं धावतात, वासरं मुलांपेक्षा कमी. जो पकडून मोरकी घालेल त्याला जनावर घ्यायला पैसे मिळतात, पण त्या बदल्यात वर्षभर देणगीदाराला दर महिन्याला पत्र लिहून जनावराची खबर द्यायची. गर्दी धावाधावीवर ओरडत होती. मला त्या पत्रांचं अप्रूप वाटलं.

कोयना तिच्या वयोगटात सतरात नववी आली. परीक्षक माइकवर म्हणाले, हिचा सांगाडा छान, चाल मोकळी, पण पुठ्ठ्यात अजून भर हवी. लेकीनं मान हलवली. हीच उणीव तिनं आदल्या आठवड्यात वहीत लिहिली होती. एप्रिलमध्ये कोयना व्हार्टनला कळपात परत गेली. आम्ही तिला सोडून आलो तेव्हा मोरकी मात्र लेकीनं घरी आणली. ती तिच्या खोलीत दाराच्या खुंटीला आहे.

जूनमध्ये गावी गेलो, कर्नाटकी बेंदरासाठी. आमच्याकडं ज्येष्ठी पौर्णिमेला हा सण. गावात आता ट्रॅक्टर जास्त, जोड्या मोजक्याच राहिल्यात. पण होत्या त्यांची शिंगं रंगली होती, अंगावर झुली होत्या. आबांबरोबर बाजार करणारे आप्पा अजून आहेत, ऐंशीच्या पुढचे. वेशीपाशी दोन खोंड उभे होते. लेकीनं आप्पांना वाकून नमस्कार केला आणि तिच्या त्या अर्धवट मराठीत विचारलं, “आप्पा, ह्या दोघांतला तुम्हाला कुठला आवडला?”

“ह्यो.”

“का?”

आप्पा हसले. “बघून कळतंय की.”

मला पुढं काय होणार ते माहीत होतं. पण लेक हलली नाही. म्हणाली, “मान्य करते, ह्याची शिंगं सुंदर आहेत. पण मला ह्याचा मागचा पाय जरा सरळ वाटतो. म्हणून पाऊल छोटं पडतंय का?”

आप्पांनी तिच्याकडं पाहिलं. बराच वेळ. मग नातवाला म्हणाले, “चालीव रं दोघांस्नी, हितनं पार पिंपळापातूर.” खोंड गेले. आप्पा काठीवर भार देत खाली उकिडवे बसले, आणि लेक त्यांच्या शेजारी. धुळीत ठसे उमटले होते. काठीच्या टोकानं त्यांनी एका ठशाभोवती गोल काढला.

“हां, आता हितनं बघ,” आप्पा म्हणाले. “मागचा खूर म्होरच्या ठशात पडाय पायजे...”